विश्लेषण : ‘विंडोज १०’ थांबले, तरी लोक लिनक्सकडे का वळत नाहीत?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत चालणारे अनेक संगणक बाद ठरले. त्यांवर लिनक्स मोफत टाकता येते. पण कोणते? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन... नवखा माणूस इथेच अडतो.

खरी गोची मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची आहे. उबुंटूसाठी ‘डेब’, फेडोरासाठी ‘आरपीएम’, असे एकच ॲप वेगवेगळे बांधावे लागते. त्यावर उतारा म्हणून स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज आले. म्हणजे उतारेही तीन! खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१४ मध्ये डेबियनच्या परिषदेत याबद्दल तक्रार केली होती. एवढा खटाटोप करून ग्राहक मोजकेच, म्हणून फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाहीत. आणि ती नाहीत म्हणून ग्राहक वाढत नाहीत.

दोष गाभ्याचा नाही. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल असतो. फक्त तिथले नियम गूगल ठरवते. केरळच्या सरकारी शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली ठरवली गेली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि तिथे लिनक्स रुजले.