सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही?

औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे आणि जिल्हा परिषदही आहे. 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून जोतीरावांनी कुणब्याला नागवणाऱ्या कारकुनी व्यवस्थेचे वाभाडे काढले. आज ते असते तर त्यांनी सरकारला एकच प्रश्न विचारला असता : नुकसान शेतात राबणाऱ्याचे मोजता की कागदावरच्या नावाचे?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाडा बुडाला. सोयाबीन, कापूस, तूर पाण्यात गेली, नदीकाठची माती खरवडून गेली. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी 8,500, हंगामी बागायतीला 17,000, बागायतीला 22,500 रुपये. रब्बीच्या पेरणीसाठी आणखी 10,000. मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर. ही मदत शेतकऱ्याच्या हक्काची होती आणि खर्चाच्या मानाने तोकडीच होती. तिला आमचा विरोध नाही. परंतु हेक्टरी मदत म्हणजे ज्याच्या नावावर हेक्टर, त्यालाच मदत. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे काय?

बटईदार तोंडी बोलीवर शेत करतो. बी-खत उसनवारीचे, घाम घरच्यांचा. पीक बुडाले की कर्ज त्याच्या डोक्यावर आणि अनुदान मालकाच्या खात्यावर. गायरान कसणारा आपला बांधव तलाठ्याच्या लेखी शेतकरी नसतोच, तो ‘अतिक्रमणधारक’ असतो. आणि मजूर? सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी यावर ज्या बाईचे वर्षाचे मीठमिरची चालते, तिची मजुरी वाहून गेली. पंचनाम्यात तिच्यासाठी रकानाच नाही. 2011 च्या जनगणनेत देशात खातेदार शेतकरी आणि कसणारे मिळून सुमारे 11.9 कोटी, तर शेतमजूर 14.4 कोटी होते. म्हणजे शेतीतली मोठी संख्याच हिशेबाबाहेर!

कायद्यात सोय नाही, असे कोणी सांगू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चे कलम 12 उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठी साहाय्य सांगते. कलम 61 मदतीत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करते. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत, ज्या कुटुंबाची उपजीविका आपत्तीने गंभीररीत्या बाधित झाली, त्यातील प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीदराने ठरावीक दिवस मदत देण्याची तरतूद होती. तरतूद होती, ती वापरण्याची इच्छा नव्हती. सातबारा जातीचे नाव विचारत नाही हे खरे. पण ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमीनच मिळू दिली नाही, त्याला सातबारा मागणे हाही भेदभावच आहे.

बाबासाहेबांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते कसणाऱ्यासाठी. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले ते याच जमिनीसाठी. तो लढा संपलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पंचनाम्यात कसणाऱ्याचे नाव ग्रामसभेसमोर नोंदवा. गायरानावरील पिकाच्या नुकसानीची भरपाई कसणाऱ्यालाच द्या. मजुराच्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब करा. आणि कार्यकर्त्यांनो, पुढचा पूर येण्याची वाट पाहू नका. आपल्या गावातील बटईदार, गायरानधारक, शेतमजूर यांची यादी आजच करा. यादी नसेल तर नुकसानही नाही, हेच या व्यवस्थेचे गणित आहे.