चाचणी मराठीत, प्रगतिपुस्तक इंग्रजीत



अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढताना मध्येच टेकलेल्या आज्या आपण नेहमी पाहतो. "वय झालं बाबा," म्हणतात, गुडघ्यावर हात ठेवतात आणि पुन्हा उठतात. पण वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? याचा आपल्या देशात फार मोठा अभ्यास झाला आहे.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षे आणि त्यापुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, हाताच्या पकडीची ताकद पाहिली, शब्द ऐकवून किती आठवतात तेही तपासलं. जानेवारी २०२१ मध्ये अहवाल आला. साठी ओलांडलेल्या दर चार जणांपैकी तिघांना एखादा तरी जुनाट आजार असल्याचं त्यात दिसलं. ही माहिती अभ्यासकांना खुली झाल्यावर तिच्यावर देश-विदेशात भराभर शोधनिबंध निघाले. २०२३ च्या एका निबंधानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा. त्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत जास्त आहे.

म्हणजे हा विषय आपल्याच घरातला आहे. पण आपल्या राज्यात प्रश्न मराठीत विचारले, उत्तरं मराठीत मिळाली आणि छापून आलं ते इंग्रजीत! शिवाय कितीतरी नियतकालिकं पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. २०२५ पासून सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळू लागली. पाऊल चांगलंच आहे. पण गावातल्या आशाताईंपर्यंत आणि आपल्या प्राथमिक शाळेपर्यंत ते पोचत नाही.

कोणी म्हणेल, शोधनिबंध तज्ज्ञांसाठीच असतात. मान्य. अख्खा निबंध मराठीत आणा, असं माझं म्हणणं नाही. सरकारी पैशातून झालेल्या अशा प्रत्येक अभ्यासासोबत एक पान सोप्या मराठीत असावं, आणि ते आरोग्य उपकेंद्रात व ग्रामपंचायतीत लागावं, एवढंच. आपण मुलांची चाचणी घेतली आणि प्रगतिपुस्तक परक्या भाषेत दिलं, तर पालक गप्प बसतील का?

'उल्हास' साक्षरता कार्यक्रमात आपण आज्यांना अक्षरं शिकवतो. सही आली की त्यांचा चेहरा खुलतो. पण पुढे वाचायला काय द्यायचं? त्यांच्याच गुडघ्यांबद्दल, त्यांच्याच विसरभोळेपणाबद्दल लिहिलेलं ते एक पान त्यांच्या हाती पडलं, तर त्या अक्षरओळखीचं चीज होईल.

बघा, पटतंय का.