नदीतील नत्राचा हिशेब कोण देणार?

हुगळीच्या पूर्व तीरावरील बजबज हे नाव १९१४ साली कोमागाटा मारू जहाजाच्या उतारूंवर झालेल्या गोळीबारामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. आज तेथे तागाच्या गिरण्या आहेत, खनिज तेलाच्या टाक्या आहेत आणि शेजारीच पुजाली येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आहेत. प्रदूषण म्हटले की नजर तिकडे वळते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु या गावाच्या गटारांतून, वरच्या अंगाच्या असंख्य शहरांच्या नाल्यांतून आणि शेतांच्या पाटांतून जे नत्र व स्फुरद नदीत उतरते त्याला ना धूर असतो, ना तवंग. म्हणूनच त्याची जबाबदारी झटकणे सोपे जाते.

बजबजपाशी हुगळी ही अर्धी समुद्राचीच आहे. भरतीचा परिणाम थेट नवद्वीपपर्यंत, म्हणजे मुखापासून अडीचशे किलोमीटरांहूनही आत जाणवतो. ओहोटीबरोबर खाली गेलेले मैलापाणी पुढच्या भरतीला पुन्हा वर येते आणि असे हेलकावे खात हळूहळू समुद्राकडे सरकते. येथील पाणी गाळाने इतके गढूळ असते की त्यात सूर्यप्रकाश फार खोल शिरत नाही, आणि प्रकाशावाचून शैवाल फोफावत नाही. त्यामुळे बजबजच्या धक्क्यावर बाटली बुडवणाऱ्याला पाण्यात खत असूनही पीक दिसत नाही. सागर बेटापलीकडे गाळ खाली बसतो, पाणी निवळते, आणि तेच नत्र शैवालाला खाद्य म्हणून मिळते. शैवाल मरून तळाशी जाते, ते कुजवणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू खातात. प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळ काढतात. ज्यांना पळता येत नाही ते तळचे जीव मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी २०१७ साली असा मृत पट्टा सुमारे बावीस हजार सातशे चौरस किलोमीटर पसरला होता. बंगालच्या उपसागरात तर मध्यम खोलीवर प्राणवायूच्या तुटीचा विस्तीर्ण थर निसर्गतःच आहे. तेथे अधिक भार घालण्यास वाव फार थोडा आहे.

आपल्या देशात मोजणी होत नाही असे नाही. केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाने १९९०-९१ च्या सुमारास किनारी पाण्याच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. आज चेन्नईचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र हे काम करते. नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट यांचे आकडे शास्त्रज्ञ निष्ठेने गोळा करतात. प्रश्न त्या आकड्यांचे पुढे काय होते हा आहे. किनारी पाण्याचे जे पाच वर्ग सरकारने ठरवले, त्यांत स्नानाच्या पाण्यात प्राणवायू किमान चार मिलिग्रॅम हवा असे लिहिले आहे, जंतूंची मर्यादा आहे. नत्राची मर्यादा मात्र कोणत्याच वर्गात नाही. म्हणजे प्राणवायू संपल्यावर गुन्हा नोंदवायचा, आणि तो संपवणाऱ्याला मोकळे सोडायचे!

ही केवळ अनवधानाची गोष्ट म्हणावी, तर पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी २०१५ च्या मसुद्यात एकूण नत्राची मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅम ठेवली होती. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेतून ती गाळण्यात आली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला तीच मर्यादा पुन्हा सांगावी लागली. याचे मर्म तांत्रिक आहे, पण समजण्यास अवघड नाही. नेहमीची शुद्धीकरणाची पद्धत मैला कुजवून टाकते. त्यातील अमोनियाचे फार तर नायट्रेट होते आणि ते बाहेर पडणाऱ्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर नदीत जाते. ते काढून टाकायचे तर आणखी टाक्या, आणखी वीज, आणखी खर्च. ‘नमामि गंगे’ योजनेत २०१६ पासून जी खाजगी भागीदारीची पद्धत आली, तीत कंत्राटदाराला खर्चाच्या चाळीस टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली पंधरा वर्षांत हप्त्यांनी मिळते. आणि ते हप्ते ठरवून दिलेल्या निकषांवर अवलंबून असतात. निकषात जे नाही, त्याची जबाबदारी कंत्राटदारावर कोठून येणार?

दोष मग गिरणीच्या चाळीतील कामगाराच्या संडासाला, नाहीतर युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्याला दिला जातो. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद व पालाश खतांचे भाव खुले केले, युरियाचे मात्र नियंत्रित ठेवले. शेतकऱ्याने स्वस्त पडले तेच टाकले. त्यात त्याचा अपराध कोणता?

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात लंडनचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, पंचेचाळीस लाख माणसांच्या मैल्याचा भांडवलशाहीला शेतीसाठी उपयोग करता येत नाही, प्रचंड खर्च करून ती त्याने थेम्स नदी नासवते. नेमके याच्या उलट काम पूर्व कोलकात्याच्या दलदलींत कोळी आणि शेतकरी पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. महानगराचे सांडपाणी उथळ तलावांत खेळवून त्यावर मासळी आणि भाजीपाला पिकवला जातो. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांच्या या प्रदेशाला २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ध्रुवज्योती घोष यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. तरीही बांधकामांचा दाब तेथे थांबलेला नाही. जमीन विकून एकदाच मिळणारा नफा बिल्डराला मासळीपेक्षा अधिक प्रिय असतो.

मुंबईच्या वाचकांनी हे दूरचे समजू नये. वरळी आणि वांद्र्याचे मैलापाणी वर्षानुवर्षे नुसते चाळून आणि वाळू काढून तीनेक किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडण्यात आले. त्याने घाण पांगते; नत्राचा कणही कमी होत नाही. कोळीवाड्यांनी मासळीच्या दुष्काळाची तक्रार केली की त्यांनाच पुरावा मागितला जातो.

म्हणून पहिली मागणी ही की, किनारी पाण्याच्या सर्व वर्गांत नत्र व स्फुरद यांच्या मर्यादा कायद्याने घालाव्यात आणि शुद्धीकरणाच्या प्रत्येक नव्या कंत्राटात त्या बंधनकारक कराव्यात. तपासणीचे आकडे दर महिन्याला बजबजच्या घाटावर बंगालीत आणि वरळीच्या बंदरावर मराठीत लावले गेले पाहिजेत, आणि नमुना घेताना मच्छीमार संघटनेचा व गिरणी कामगारांच्या युनियनचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे. पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्रातील शाखांनी आपापल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे यासाठी लेखी निवेदने द्यावीत, आणि गेल्या पाच वर्षांचे नत्राचे आकडे मागून घ्यावेत.