रोजा आणि रक्त पातळ करणारी गोळी

रमजानमध्ये ज्येष्ठांना भेटणारा प्रत्येक जण विचारतो, 'रोजे कसे चाललेत?' प्रश्न आपुलकीचाच असतो. पण हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे किंवा पायातल्या गुठळीमुळे रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्या दादाजींना उत्तर देणे अवघड जाते. 'रोजा नाही' म्हणण्याचा संकोच वाटतो आणि सकाळची गोळी गुपचूप डबीतच राहते.

ही गोळी डोकेदुखीची नव्हे. अ‍ॅपिक्साबॅनसारख्या औषधाचा असर फार काळ टिकत नाही. डोस चुकला की गुठळीला वाट मोकळी होते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात, फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून बऱ्याच जणांचे डोस सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, घरच्यांनी नव्हे. रिव्हारोक्साबॅनचा नेहमीचा मोठा डोस जेवणासोबतच घ्यावा लागतो. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम बदलू नये आणि रक्ताची तपासणी टाळू नये. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नयेत. उपवासाने डोके दुखले म्हणून मनाने वेदनाशामक घेतले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडे थोडे पीत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास किती, ते विचारून. खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांनी अधूनमधून पावले हलवावीत, चार पावले चालावे. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अचानक धाप लागली, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर इफ्तारची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला रोजा पुढे कधी पूर्ण करण्याची मुभा आहे. ज्यांना ते कधीच झेपणार नाही, त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिद्याचा मार्ग उलेमा सांगतात. ही सवलत म्हणजे ईमानातली उणीव नव्हे. एकादशीचा कडक उपवास करणाऱ्या आजीच्या घरीही हाच पेच असतो.

सवलत धर्मग्रंथात असून भागत नाही. ती घरात मिळावी लागते. मुला-सुनांनी, शेजाऱ्यांनी ज्येष्ठांच्या रोज्यांची मोजदाद थांबवावी. त्याऐवजी विचारावे, 'अब्बा, गोळी घेतली ना?'