खुदकन हसण्याला इंग्रजीत काय म्हणाल?

इंग्रजी सुधारायची म्हणजे अवघड शब्द पाठ करायचे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे ढीग लागतात आणि त्यांत शब्दसंग्रहाची पुस्तके हमखास असतात. डावीकडे लांबलचक इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एका शब्दात मराठी अर्थ. रोज वीस-पंचवीस शब्द घोकणारी मुले मेहनती असतात. तरीही त्यांच्या निबंधातली सगळी माणसे नुसती ‘वॉक’ करतात, नुसती ‘लुक’ करतात, नुसती ‘लाफ’ करतात आणि सहलीचा दिवस ‘व्हेरी नाइस’ एवढाच उरतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या हाती दिलेले शब्दच भलत्या कप्प्यातले आहेत. इंग्रजी बोलकी होते ती छोट्या, रोजच्या, नेमक्या क्रियापदांनी. ती शिकण्यासाठी लागणारी बारीक नजर मराठी मुलाकडे आधीपासून असते, कारण ती त्याच्या मराठीतच असते. आपण मात्र तिचा उपयोगच करून घेत नाही.

साधे हसणे घ्या. मराठीत माणूस खुदकन हसतो, गालातल्या गालात हसतो, फिदीफिदी हसतो, खदाखदा हसतो, छद्मी हसतो. क्रियापद तेच, रंग भरतो तो त्याच्या आधी येणारा शब्द. इंग्रजीत हा रंग क्रियापदातच मुरलेला असतो. मुले फिदीफिदी हसतात ते ‘गिगल’, जुनी आठवण येऊन आजोबा स्वतःशीच हसतात ते ‘चकल’, दुसऱ्याची फजिती पाहून तोंडावर हात ठेवून हसणे म्हणजे ‘स्निगर’ आणि सात मजली हसणे म्हणजे ‘गफॉ’. बघण्याचेही तसेच. ओझरते बघणे ‘ग्लान्स’, टक लावून बघणे ‘स्टेअर’, डोळे बारीक करून बघणे ‘पिअर’, डोळे वटारून बघणे ‘ग्लेअर’. लांब टांगा टाकत चालणारा ‘स्ट्राइड’ करतो, रमतगमत चालणारा ‘स्ट्रोल’ करतो, दमून पाय ओढत जाणारा ‘ट्रज’ करतो, झोकांड्या खाणारा ‘स्टॅगर’ करतो आणि रागाने पाय आपटत जाणारा ‘स्टॉम्प’ करतो. यातला एकही अर्थ मराठी मुलाला नवा नाही. नवा आहे तो फक्त उच्चार.

हा रंग कुठे भरायचा, यातला फरक भाषेच्या घडणीतला आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की हालचाल सांगताना सगळ्या भाषा क्रियापदात एकच गोष्ट भरत नाहीत. इंग्रजी चालण्याची तऱ्हा क्रियापदात घालते आणि दिशा ‘इन’, ‘आउट’, ‘अप’ अशा छोट्या शब्दांवर सोपवते. स्पॅनिशसारख्या भाषा दिशाच क्रियापदात ठेवतात. मराठीत शिरणे, निघणे, चढणे, उतरणे ही क्रियापदे तशीच दिशा सांगतात. आपल्याकडे खिदळणे, लंगडणे अशी तऱ्हा सांगणारी क्रियापदेही आहेत. पण पुष्कळसा भार तुरुतुरु, तरातरा, झपझप, लगबगीने अशा शब्दांवर पडतो. शालेय व्याकरण यांतल्या बऱ्याच शब्दांना अनुकरणवाचक म्हणून ओळखते. अशा शब्दांची रेलचेल ही भारतातल्या निरनिराळ्या भाषाकुळांना जोडणारी खूण आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये मांडले होते. म्हणून मराठीत विचार करणारा मुलगा ‘वॉक’ लिहितो आणि त्याला ‘स्लोली’ जोडतो. व्याकरण चुकत नाही, चित्र मात्र पुसले जाते. म्हातारा सावकाश चालला, एवढ्यावरून तो थकला होता की संध्याकाळची हवा खात होता, हे कळत नाही. ‘ट्रज’ म्हटले की थकवा दिसतो, ‘स्ट्रोल’ म्हटले की निवांतपणा.

मग आपण लांब शब्दांच्या मागे का लागतो? ते शब्द प्रतिष्ठेचे वाटतात म्हणून, आणि या प्रतिष्ठेला इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबाराची आणि न्यायालयाची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली, विद्येची लॅटिन. एकाच अर्थाभोवती तीन थर साचले: घरगुती ‘आस्क’, फ्रेंचमार्गे आलेला ‘क्वेश्चन’ आणि लॅटिनमधला ‘इंटरॉगेट’. यादीत तिघांसमोर ‘विचारणे’ लिहिले की घात होतो. शंका विचारायला शिक्षकांकडे गेलेला विद्यार्थी त्यांना ‘इंटरॉगेट’ केल्याचे लिहितो आणि शाळेच्या वर्गाची पोलीस कोठडी होते. पाणी, जल आणि उदक यांचा अर्थ एकच, पण तहानलेल्याने उदक मागितले तर आपल्यालाही चमत्कारिक वाटेल. ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ यांतही तेवढेच अंतर आहे, सडपातळ आणि हडकुळा यांत असते तेवढे. पहिल्याने माणूस सुखावतो, दुसऱ्याने दुखावतो. समानार्थी शब्दांची यादी हे अंतर गाळून टाकते.

परीक्षांचे काय, असे कुणीही विचारील. परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द येतात, त्यांना गुण असतात आणि त्या गुणांवर नोकऱ्या ठरतात. ही निकड खरी आहे. पण सुटे शब्द डोक्यात टिकतात किती? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे पाठ करून, ती किती झपाट्याने विसरली जातात, हे मोजले होते. वाक्याशिवाय पाठ केलेला परका शब्द अशा निरर्थक अक्षरांच्या फार जवळचा असतो. ज्या परीक्षांमुळे हे घोकणे जगभर पसरले, त्यांनीही वाट बदलली आहे. अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांपैकी जीआरईने २०११ मध्ये सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले, सॅटने २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांवरचा भर सोडून संदर्भातल्या अर्थावर भर दिला. नॉर्मन लुइस यांचे १९४९ चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आजही खपते, आणि लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्द उलगडण्याची त्याची रीत उपयोगाचीच आहे. मात्र ‘ग्लान्स’ किंवा ‘ट्रज’ उलगडायला असा धातू हाताशी नसतो. त्यांना चित्रच लागते.

दुसरा आक्षेप इंग्रजीच्या शिक्षकांचा असतो. मराठीचा आधार घेतला की मूल भाषांतरच करत बसते. त्याला इंग्रजीतच विचार करू द्या, असे ते म्हणतात. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतराबद्दल हे बरोबर आहे. इथे मात्र मराठी शब्द आरशासारखा वापरायचा आहे. शब्दशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीही मातृभाषेतून अर्थ देणे हा सोपा आणि परिणामकारक मार्ग मानला आहे. त्याबरोबर तोच शब्द वाचनात पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे, हेही ते बजावतात. म्हणजे ‘ग्लेअर’ समजायला डोळे वटारणे पुरेसे आहे, पण तो आपला व्हायचा तर गोष्टीत पाच-दहा वेळा गाठ पडली पाहिजे. इंग्रजीत विचार करण्याची वेळ तेव्हा आपोआप येते.

वर्गात करायचे ते थोडकेच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. त्या तासाला फळ्यावर ‘टू वॉक’ लिहिण्याआधी मुलांकडून चालण्याच्या मराठी तऱ्हा काढून घ्याव्यात. तुरुतुरु कोण चालते, तरातरा कधी निघून जातात, हे एका मुलाने चालून दाखवावे आणि मग त्या चालीला इंग्रजी क्रियापद द्यावे. शब्दकोश मराठीच्या बाजूने उघडायची सवय लावावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो आणि त्यात असे अनुकरणवाचक शब्द जागोजागी नोंदलेले आहेत. परदेशी माणसाने ते कान देऊन टिपले. आपल्या मुलांना ते कानावर तरी पडू द्यावेत. कारण जे मूल इंग्रजी पक्की व्हावी म्हणून घरातही मराठीपासून तोडले जाते, ते खुदकन आणि खदाखदा यांतला फरक ऐकतच नाही. घरात इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजीत गोष्टी सांगणारे कुणी नसेल, तर त्याला ‘चकल’ आणि ‘गफॉ’ हे यादीतले दोन शब्दच राहतात, दोन्हींसमोर एकच अर्थ लिहिलेला: हसणे.