फळा भरला, आता काय पुसायचं?

बालमित्रांनो,

गेल्या रविवारची गोष्ट. इथे नया नगरमध्ये, आमच्या घरी, मी वह्या तपासत बसले होते. एवढ्यात दारावर धाडधाड थापा! उघडून बघते तर वरच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी. डोळ्यांत पाणी. "बाई, लवकर चला! कॉम्प्युटर अडकलाय आणि भाई बटण बंद करतोय!"

मी तशीच धावले. "अरे, थांब! बटणाला हात लावू नकोस!" जिन्यातूनच ओरडले.

झालं होतं असं. तिची नानी महिनाभर रत्नागिरीहून राहायला आली होती. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी कसं जायचो, हे नानीने सांगितलं आणि हिने ते ऐकत ऐकत सहा पानं टाइप केली. नानी त्याच सकाळी गावी परतली. मग बोटींची चित्रं शोधायला हिने इंटरनेटवर एकामागून एक पानं उघडली, शिवाय एक व्हिडिओही लावला. आणि सगळं थिजलं! माऊस हलेना. नानीची सहा पानं? ती तर एकदाही सेव्ह केली नव्हती.

मुलांनो, मी का ओरडले, सांगू? काही वर्षांपूर्वी मीही घाईघाईत असंच बटण बंद केलं होतं. सगळ्या वर्गाचे निकाल मला पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले. अगदी रात्र जागून!

संगणकाची मेमरी म्हणजे वर्गातला फळा समजा आणि डिस्क म्हणजे वही. चालू काम सगळं फळ्यावर. सेव्ह केलं की ते वहीत उतरतं. वीज गेली, की फळा कोरा! वही मात्र तशीच राहते.

फळा भरला, की संगणक त्यावरचं काही तात्पुरतं वहीत उतरवतो, जागा करतो आणि लागलं की परत फळ्यावर आणतो. पण वहीचं काम फळ्यापेक्षा फारच हळू चालतं. म्हणून तो अडकल्यासारखा दिसतो. खरं तर तो झोपलेला नसतो, येरझाऱ्या घालून घालून दमलेला असतो. अशा वेळी आपण रागाने दहा वेळा क्लिक केलं, तर त्याच्या डोक्यावर आणखी दहा कामं!

म्हणून आम्ही आधी हात मागे घेतले. पाच मिनिटं गप्प बसलो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. बऱ्याच वेळाने टास्क मॅनेजर उघडला. त्यात चालू कामांची यादी असते. 'मेमरी' या रकान्यावर क्लिक केलं, तसं सगळ्यात जास्त जागा अडवणारं काम वर आलं. ते होतं इंटरनेटचं. चित्रं काय, पुन्हा शोधता येतील. ते निवडलं आणि 'एंड टास्क' केलं. नानीच्या पानांना हात लावला नाही. तुम्हीही अनोळखी नावाचं काम बंद करू नका. ते संगणकाचं स्वतःचं असू शकतं.

"बाई, याची मेमरी मोठी केली की हे होणार नाही ना?" भाईने विचारलं.

कमी होईल, पण फळा केवढाही असो, भरायचा तो भरतोच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. आपल्याच लोकांनी बांधलेला! त्याची मेमरी २०४८ शब्दांची होती. आजच्या हिशेबात फक्त १० केबी. या मुलांचा जुना संगणक ४ जीबीचा, म्हणजे चार लाख पटींहूनही मोठा. तरी भरलाच की!

आणि चंद्रावर जातानाही फळा भरला होता बरं का! २० जुलै १९६९. 'अपोलो ११'चं यान चंद्रावर उतरत होतं. त्याच्या संगणकाची लिहिता-पुसता येणारी मेमरीही २०४८ शब्दांचीच, आणि ते शब्द टिफ्रॅकच्या शब्दांहून लहान. त्या वेळी नको असलेल्या एका रडारचे संकेत त्याचा वेळ खाऊ लागले. कामं साचली, नव्या कामाला जागा उरेना. '१२०२' असा धोक्याचा इशारा झळकला. पण अशा वेळी काय करायचं, हे अभियंत्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. संगणकाने स्वतःच पुन्हा सुरुवात केली, कमी महत्त्वाची कामं सोडून दिली आणि यान उतरवण्याचं काम जिथे होतं तिथून पुढे नेलं. असं अनेकदा झालं, पण यान सुखरूप उतरलं!

आमच्याकडेही दहाएक मिनिटांनी माऊस हलला. नानीची पानं पडद्यावर आली. मी म्हटलं, "वाचत बसू नकोस, आधी सेव्ह कर!" कंट्रोल आणि एस. फाइलला नाव दिलं 'नानी'. मग कुठे ती हसली.

समजा, काहीच चाललं नाही आणि संगणक बंद करावाच लागला, तर? तरी धीर सोडू नका. लिहिण्याचे बरेच प्रोग्रॅम साधारण दर दहा मिनिटांनी एक प्रत आपणहून बाजूला ठेवतात. पुन्हा उघडल्यावर ती परत हवी का, असं विचारतात. घाईत 'नको' म्हणू नका. घ्या आणि लगेच नाव देऊन सेव्ह करा. शेवटच्या काही ओळी गेलेल्या असतील, तेवढ्या पुन्हा लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट विचारा आणि लिहून काढा. संगणकावर लिहिलीत, तर पहिल्या ओळीनंतरच सेव्ह करा. वहीत लिहिलीत, तर उत्तमच!

तुमची,
बाई