एक दिवस, एक जीप आणि राष्ट्रीय उद्यान

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गातल्या नऊ जणांनी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एका दिवसात, भाड्याच्या जीपमधून, 'संपूर्ण' पाहण्याचा बेत केला. कागदावर तो बेत मोठा देखणा दिसत होता. सकाळी सहाला पनवेलच्या एस. टी. स्टँडसमोरून निघायचे, आठला उद्यानाचे दार, साडेआठला वाघ-सिंह, दहाला कान्हेरी, बाराला तुळशी तलाव, मग झाडाखाली जेवण, तीनला गांधी स्मारक आणि दिवेलागणीला घरी. कागद लिहिणारा मीच होतो. तेव्हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. दोघे जण उशिरा आले. घोडबंदर रस्त्यावर गायमुखापाशी ट्रकांच्या रांगेत जीप अडकली आणि उद्यानाच्या दाराशी पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले. जाळीच्या बसमधून वाघ-सिंह दाखवतात, त्या फेरीला लागतात वीसेक मिनिटे. आमचा तिथल्या रांगेत तास गेला. तुळशी तलाव मुंबईला पाणी पुरवतो आणि तिथे कोणालाही मनात आले म्हणून जाता येत नाही, हे ज्ञान आम्हांला उद्यानात गेल्यावर झाले. कान्हेरीच्या वाट्याला उरला पाऊण तास. परतताना जीपमध्ये मागे बसलेल्या एकाने विचारले, "अरे, पण यात जंगल कुठे होते?" कोणी उत्तर दिले नाही. सगळे दमले होते.

मला सर्वांत जास्त लागले ते कान्हेरीचे. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे भिक्षूंची वस्ती. लेण्यांच्या दारांशी पाण्याची टाकी कोरलेली आहेत आणि पावसाचे पाणी त्यांत वळवण्यासाठी खडकात पन्हळी खोदल्या आहेत. म्हणजे या डोंगरावर किती पाऊस पडतो, तो कोणत्या उतारावरून वाहतो आणि उन्हाळ्यात किती पुरवावा लागतो, याचा हिशेब तिथे राहणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या केला. असा हिशेब पाऊण तासात कळत नाही. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहाशी यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा शिलालेख आहे. इतिहासाच्या पेपरात मी त्याचे नाव लिहून गुण मिळवले आहेत. आणि त्या लेखापासून काही पावलांवर उभा असताना मी घड्याळ पाहत होतो!

आता मुद्द्यावर येतो. एका दिवसाची मोटारसहल आखताना आपण पाहायच्या ठिकाणांची यादी करतो आणि दिवस त्या यादीत कोंबतो. माझ्या मते ही आखणी उलटी आहे. आधी हाती उरणारे तास मोजावेत. जाण्यायेण्याचे तास वजा करावेत, रांगांचे वजा करावेत, जेवणाचे आणि (हे कोणी कागदावर लिहीत नाही) नुसते बसून राहण्याचेही वजा करावेत. जे उरेल त्यात एखादे ठिकाण बसले तर बसले.

फार मोठ्या उद्यानांत हा हिशेब अधिकच कठोर होतो. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे स्वतःच्या मोटारीने हिंडता येते, पण डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचे नाही, आणि संध्याकाळी दारे बंद होण्याआधी बाहेर पडायचे किंवा आतल्या मुक्कामी पोहोचायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते जायचे म्हटले तरी, एकाही हत्तीसाठी न थांबता, सात तास हवेत. म्हणून जाणकार माणूस एका दिवसासाठी क्रूगरचा एक कोपरा निवडतो. आपले बोरिवलीचे उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचे. पण तेही सबंध 'उरकायला' गेले की हाती काही लागत नाही. राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९५५ सालचे ताडोबा. ते चंद्रपूर जिल्ह्यात. इथून आठशेहून अधिक किलोमीटर. एका दिवसाच्या गप्पांत त्याचे नाव काढू नये हे उत्तम.

कोणी म्हणेल, मोटार नको तर काय चालत जायचे? तसे माझे म्हणणे नाही. घरातल्या वृद्धांना, लहान मुलांना मोटारीवाचून जंगल दिसणारच नाही. पण आपण विद्यार्थी धडधाकट पायांचे. आपण काचेआड का बसावे?

आणि हे सारे लिहिताना मान खाली जाते ती कर्नाळ्यामुळे. पनवेलपासून बारा किलोमीटर. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य झाले. २००३ मध्ये त्याची हद्द वाढली, तरी ते सारे मिळून बारा चौरस किलोमीटर. एवढ्याशा जंगलाच्या अंगातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. महामार्गाच्या चौपदरीकरणात या खिंडीचा प्रश्न कित्येक वर्षे अडून राहिला होता. तेव्हा चडफडत असलेल्यांत आपणही होतोच, कारण आपल्याला अलिबागला लवकर पोहोचायचे होते. खिंडीत गाडी थांबवून खिडकीतून माकडांना वेफर्स टाकणारेही आपल्यातलेच. मग ती माकडे रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात. पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या वीण घालायला या रानात येतो. चिमणीएवढा, रंगपेटी सांडल्यासारखा पक्षी. पण तो ताशी ऐंशीच्या वेगात दिसत नाही. वर्गात विचारले, तर कर्नाळ्याचा सुळका सर्वांनी गाडीतून पाहिलेला निघाला. दाराच्या आत गेलेले, मला धरून, चार.

तेव्हा यंदाच्या सहलीसाठी माझी सूचना अशी. जीपचे भाडे वाचवावे. सकाळची पेणकडे जाणारी एस. टी. पकडून अभयारण्याच्या दाराशी उतरावे. डबे स्टीलचे घ्यावेत, कारण दारावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत रक्कम ठेवून घेतात. मोरटाकाची पायवाट धरावी, बोलणे कमी करावे, आणि ज्यांना दम असेल त्यांनी किल्ल्यावर जावे. मराठीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी सोबत यावे ही विनंती. भूगोलाचे सर येतीलच.

बहुमत बोरिवलीकडेच झुकले तर मी हट्ट धरणार नाही. मात्र सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते. आणि कागदावर कान्हेरी एवढेच नाव लिहा. तो कागद या वेळी दुसऱ्या कोणी लिहिलेला बरा.